तिसरी भेट

नाताळच्या नाटकाची तालीम चालली होती. ती येशूची आई मरिया झाली होती आणि गव्हाणीत तिचंच दोन महिन्यांचं बाळ झोपलं होतं. एका राजाने सोनं वाहिलं, दुसऱ्याने ऊद. तिसरा राजा म्हणजे तिचा दीर. खोटी दाढी सावरत तो डबी घेऊन वाकला.

"पुतण्याला काय आणलंत भावोजी, खुळखुळा?"

"गंधरस, वहिनी. प्रेताला लावायचा."

तिचं हसू मावळलं. "तान्ह्या बाळाला हे असलं?"

"हे बाळ मरायलाच जन्माला आलंय," तालीम घेणारे फादर शांतपणे म्हणाले. "आपल्या सगळ्यांसाठी."

तिने लेकराला झटकन उचलून छातीशी कवटाळलं.

"कुठलीही आई हेच करेल, फादर!"

फादर रिकाम्या गव्हाणीकडे बघत राहिले. "मरियेने मात्र ही भेट ठेवून घेतली."