बाहेरून कडी

बाहेर खट्ट झालं. तिने न्हाणीघराचं दार ओढलं. उघडेना. दीड वर्षाच्या लेकीने कालच शिकलेली कला आज वापरली होती. खालची कडी.

"पिल्लू, कडी काढ बरं. शहाणी ना माझी?"

टपटप पावलं लांब गेली.

मोबाइल बाहेर, जेवणाच्या टेबलावर. त्याच्याशेजारी लॅपटॉप, आणि त्यात दुर्बिणीचा वेळ कुणाला द्यायचा ते ठरवणाऱ्या समितीचे सहा जण. "आम्ही पाच मिनिटं आपसात लिहून ठरवतो, तुम्ही थांबा," असं अध्यक्षबाई म्हणाल्या होत्या. लेक झोपली होती. तेवढ्यात जाऊन येऊ, म्हणून ती उठली होती.

तसंही तिचं उत्तर फसलंच होतं. अध्यक्षबाईंनी विचारलं होतं, "शेजारच्या दीर्घिकेतला हा नोव्हा तारा दोन महिन्यांपूर्वी भडकला. आता ठिपकासुद्धा दिसत नाही. विझलेल्या चुलीपुढे आम्ही अवकाशातली दुर्बीण धरून का बसायचं?" आणि ती अडखळली होती. एक कान झोपलेल्या लेकीकडे होता ना. बाळंतपणानंतर स्वतःच्या नावावर केलेला हा पहिलाच अर्ज.

उत्तर सुचलं ते आत्ता, बादलीशेजारी. तिने दाराच्या फटीला तोंड लावलं.

"मॅडम, तो विझलेला नाही! स्फोटात उडालेल्या वायूचा पडदा आहे त्याच्यापुढे! मागे आग चालूच आहे. पडदा विरळ झाला की क्ष-किरण बाहेर येतील. याच आठवड्यात! दहा-बारा दिवस दिसतील, मग खरंच संपेल. तो पुन्हा भडकेपर्यंत माझ्या लेकीची नातवंडं म्हातारी होतील! पिल्लू, गॅसकडे जायचं नाही हं!"

कुणाचाच आवाज आला नाही. येणार कसा? लॅपटॉपला इअरफोन लावलेले. त्यांना आपलं ऐकू गेलं की नाही, हेही कळायला मार्ग नव्हता. एव्हाना कंटाळून निघूनसुद्धा गेले असतील.

लेकीचाही आवाज नव्हता.

रडणाऱ्या पोराची काळजी नसते. काळजी गप्प पोराची. खिडकीखालचं स्टूल. इस्त्रीची वायर. ओट्यावरची सुरी, ती मागे सरकवली होती का आपण? तिने दारावर खांदा आपटला. तांब्या आपटला.

"कुणीतरी दार उघडा हो! बाळ एकटंय! घरात दुसरं कुणीच नाहीये!"

नळ तेवढा ठिबकत होता. वर हवेची झडप होती, वीतभर. तीतून मांजरसुद्धा गेलं नसतं. दुर्बीण गेली तर गेली, असं ती मोठ्याने म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

शेवटी बाहेरच्या दारात किल्ली फिरली. दातांच्या डॉक्टरकडून सासूबाई परतल्या.

"अगबाई! आणि आतून हे व्याख्यान कुणाला चाललंय?"

कडी निघाली. सासूबाईंना जवळजवळ ढकलूनच ती धावली.

लेक तिच्याच खुर्चीत बसली होती. पाय लोंबकळत, तोंड उघडं, डोळे पडद्यावर. पडद्यावर सहा चौकोन. एकाने डोक्यावर कागदाची टोपी घातली होती. एकाने हातात मोजा चढवून त्याचा ससा केला होता. एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ फायलीआड लपत होते आणि भॉक करत होते.

तिने लेकीला उचलून छातीशी धरलं. त्या ओढाताणीत इअरफोनची वायर निघाली आणि खोलीभर एक म्हैस हंबरली.

म्हैस म्हणजे अध्यक्षबाई.

हंबरणं थांबलं. बाईंनी चष्मा सारखा केला.

"मॅडम, माफ करा," ती धापा टाकत म्हणाली. "पाऊण तास गेला तुमचा. माझं उत्तर..."

"ऐकलं की. दुर्बीण दिलीय तुम्हाला. ते तर पहिल्या पाच मिनिटांतच ठरलं," बाई म्हणाल्या. "पण आम्ही उठणार कसं? तुम्ही आत. हिच्यावर नजर कोण ठेवणार?"