खुर्चीतलं झाड

दातांच्या माझ्या नव्या दवाखान्यात ना खिडकी होती, ना पेशंट. आईने दिलेलं झाड कोपऱ्यात पिवळं पडलं, तेव्हा मदतनीस मावशी म्हणाल्या, "टाकून द्या, गेलंय ते." मी ऐकते कसली! जन्मात कधी कुंडीला हात लावला नव्हता, पण कॉलेजातली जुनी हत्यारं काढली, मुळांचा गुंता हलक्या हाताने सोडवला, मोठ्या कुंडीत नवी माती भरली आणि झाड पेशंटच्या खुर्चीत बसवून वरचा दिवा रोज लावला. आज कोवळं पान उलगडलं. मी आनंदाने ओरडले, तेवढ्यात सुजलेला गाल धरून एक आजोबा दारात! "दाढ काढावीच लागेल म्हणतात सगळे." "यालाही टाकूनच द्या म्हणत होते," मी पान दाखवलं. आजोबा पुढे झाले, कुंडी उचलून मांडीवर घेत खुर्चीत बसले. "वाचवा मग. पण दिवा थोडा याच्यावरही राहू द्या."