राहेलबाईंची कोंबडी

लोणावळ्याच्या मिशन चाळीतून राहेलबाईंची कोंबडी नाहीशी झाली. बाईंनी भर उपासनेत शेजारच्या, रेल्वेतल्या शलमोन सांधेवाल्याचं नाव घेतलं. “म्या न्हाई खाल्ली, मावशी!” म्हणून तो घसा फोडत राहिला, पण मंडळीच्या पंचांनी ठरवलं, चोरी कबूल करेपर्यंत त्याच्या पोरीचं लग्न देवळात लागणार नाही.

लग्न तोंडावर आलं, तसा शलमोन रविवारी उपासनेत आपल्या घरची कोंबडी काखेत घेऊन सगळ्यांपुढं उभा राहिला. “चुकलो, मावशी. माफी करा.”

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. “याला म्हणतात खरा पश्चात्ताप!”

राहेलबाईंनीही मोठ्या मनानं क्षमा केली, कोंबडी घेतली आणि घरी येऊन डालग्याखाली सरकवली.



आत त्यांची ‘चोरीला गेलेली’ कोंबडी होती, मंगळवारीच करवंदीच्या जाळीतून आठ पिलं घेऊन परतलेली.