पाचेक वर्षं

विजयश्रीचा आवाज कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये कायमचा गेला. काळेवाडीच्या भजनी मंडळात पहिला सूर तिचाच असायचा. पेडल स्टील गिटार माणसाच्या गळ्यासारखी गाते, हे मोबाइलवर ऐकल्यापासून तिला शिकण्याचा ध्यास लागला. नवरा ज्योतीराम शिफ्ट बुडवून तिला पिंपळे सौदागरला, जुनी गिटार विकणाऱ्या काकांकडे घेऊन गेला. टेबलासारख्या चार पायांवर उभ्या गिटारवर काकांनी लोखंडी कांडी सरकवली, पायानं पेडल दाबलं आणि तारा गाऊ लागल्या. विजयश्रीनं वाजवल्या, तेव्हा नुसत्या किंचाळल्या. “पाचेक वर्षं लागतील, ताई,” काका म्हणाले. “घाई चालत नाही ह्याला.” आजार पसरलाय, वर्षही निघणार नाही, हे डॉक्टरांनी फक्त ज्योतीरामला सांगितलं होतं. विजयश्रीनं हसून त्याच्यापुढे पाच बोटं धरली, मान डोलावली. “शिकशील की,” म्हणत त्यानं काकांना पैसे दिले, घरी न्यायची म्हणून गिटारचे पाय सोडवायला वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.