तिसरा डाव

कमलाकांत वकिलांनी दुसऱ्यांदा कवड्या टाकल्या. चार उताण्या, दोन पालथ्या. बोट अंधारातच राहिली.

अंबापेठेतल्या त्या घरात सासरा आणि सून समोरासमोर बसून खेळतात, हे गल्लीला पसंत नव्हतं. पण खेळ कमलाकांतांच्या मुलानेच, नारायणने, लावून दिला होता. आरमारात जाताना त्याने संत्र्याच्या पेटीची फळी तासून वीतभर टॉर्पेडो-बोट केली. खरीही लाकडाचीच असते, म्हणाला. पुढे पत्रातून नियम पाठवले. फरशीवर खडूने समुद्र आखायचा. अंधाराच्या घरात शिरलेली बोट उचलून बाजूला ठेवायची. सहाही कवड्या उताण्या पडल्या तर ती परत येते. त्यासाठी तीन डाव. नाही आली तर बुडाली.

आठ दिवसांपूर्वी तार आली. नारायणची बोट परतली नव्हती आणि तो बेपत्ता होता. बुडाला असं तारेत नव्हतं, वाचला असंही नव्हतं. त्याची बायको कुंदा रडली नाही. तिला काही वाटतच नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती. ती स्वयंपाक करत होती, कुंकू लावत होती. लावताना आरशात बघत नव्हती.

कमलाकांतांनी मात्र पुस्तकं काढली. बेपत्ता माणूस गेला असं धरायला कायद्याने सात वर्षं वाट पाहायची, शास्त्राने बारा, असं त्यांनी तिला सकाळीच नीट समजावून सांगितलं होतं. बाजू लंगडी दिसली की तारीख मागून घ्यायची, ही त्यांची तीस वर्षांची सवय. आताही कवड्या मुठीत धरून ते बसले आणि उरलेला खेळ उद्या खेळू म्हणाले.

"टाका, मामंजी," कुंदा म्हणाली.

"खेळ आहे तो, सूनबाई."

"मले माहीत आहे. तुमच्या पुस्तकात बारा वर्षं आहेत, यांच्या कागदात तीन डाव. काहून थांबवून राहिले?"

ती एकोणीस वर्षांची होती. तिला बारा वर्षं बसवून ठेवायची गोष्ट आपण सकाळी किती सहज बोलून गेलो, याची कमलाकांतांना लाज वाटली. त्यांनी मूठ सोडली.

कवड्या फरशीवर घरंगळल्या. चार थांबल्या, चारही उताण्या. पाचवीही उताणी पडली. सहावी अजून गिरक्या घेत होती.

कुंदाने तिच्यावर हात दाबला.

बराच वेळ तिने तो उचलला नाही. कमलाकांतांनीही उचल म्हटलं नाही.