मायक्रोवेव्हमधला वास

सोमवारी ऑफिसचा मायक्रोवेव्ह उघडला आणि हेडक्लार्कसाहेबांच्या नाकात आंबूस वास भपकन शिरला. झालं, सगळ्यांच्या देखत त्यांनी सफाईवाल्या मावशींना फैलावर घेतलं.

"कुणाचं अन्न सडत पडलं होतं आत? पगार कशाचा घेता?"

"परत पुसते, साहेब," एवढंच मावशी म्हणाल्या. मग दोनदा लिंबाचं पाणी तापवून त्यांनी वास घालवला.

संध्याकाळी बाकी सगळे गेल्यावर त्यांनी पिशवीतून घासून लख्ख केलेला काचेचा डबा काढला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. आपला डबा ओळखताच साहेबांची मान खाली गेली.

"शुक्रवारी गरम करायला ठेवून मीटिंगला गेलात, ते विसरलातच. सकाळीच मिळाला मला, पण चारचौघांत कसा देणार?"