आडवी दाढ

मृणालची अक्कलदाढ हिरडीखाली आडवी वाढतेय, हे गुरुग्रामच्या दंतवैद्य बाईंनी होळीलाच सांगितलं होतं. जबड्यात तिला जागा नव्हती, ती शेजारच्या चांगल्या दाढेला रेटत होती. मध्ये अन्न अडकून तीही किडली असती, म्हणून लवकर काढायला हवी होती. घरी नवरा, हर्षद, म्हणाला, “तू तोंड सुजवून बसलीस तर आईबाबांचं कोण करणार? ते पुण्याला गेले की बघू.” सासू-सासरे गेले, मग हर्षदच्या ऑफिसात ऑडिट आलं, मग गणपती, मग दिवाळीचे पाहुणे. मृणाल दाढेखाली लवंग धरून डबे भरत राहिली. तिला घास चावता येईना, तेव्हा कुठे त्याने सुट्टी काढली. आज अक्कलदाढ निघाली, आणि पार पोखरलेली शेजारची दाढही काढावी लागली. डॉक्टरांनी तिच्या तोंडात कापसाचा बोळा ठेवला. “इसे दबाके रखिए, बोलना बिल्कुल नहीं.” मग नाराजीने विचारलं, “इतनी देर क्यों की? दूसरा दाँत बच जाता.” “डरती है, मॅडम,” हर्षद म्हणाला, “मैं तो कब से पीछे पड़ा हूँ.” तिची पर्स खांद्याला लावून तो खुर्चीजवळ उभा होता. मृणाल त्याच्याकडे बघतच राहिली. डॉक्टरांनी समजुतीने मान हलवली. बोळा काढायला मृणालने हात वर नेला. हर्षदने तो अलगद धरून खाली ठेवला आणि डॉक्टरांकडे बघून हसला. “देखा? किसी की सुनती ही नहीं.”